स्वस्त दवाखाना, महाग दवाखाना आणि चांगला दवाखाना

नवीन गावात किंवा नवीन सोसायटीत बिऱ्हाड मांडलं की दूधवाला कोण, किराणा कुठे हे विचारून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: इथे डॉक्टर कोण चांगला? उत्तरंही ठरलेली असतात. ‘त्यांच्या हाताला गुण आहे.’ ‘फार पैसे घेत नाहीत.’ ‘कधीही जा, गर्दी असतेच.’ सरकारी दवाखान्याचा विषय निघालाच तर ‘तिथे काय, सगळ्यांना त्याच गोळ्या’ एवढ्यावर तो मिटतो.

ही उत्तरं प्रामाणिक असतात. सांगणाऱ्याचा तो खरा अनुभव असतो. पण आपल्याला जे जाणून घ्यायचं आहे ते त्यातून कळत नाही. इथे माझा आजार नीट ओळखला जाईल का? गरज नसलेली औषधं, सुया, तपासण्या गळ्यात पडतील का? आणि आजार संपेपर्यंत सगळं मिळून खिशातून किती जातील? भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो, मोबाइल घेताना आठवडाभर माहिती काढतो. डॉक्टर मात्र ऐकीव माहितीवर निवडतो. यात दोष आपला नाही. तुलना करायची कशी हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही, आणि ती खरोखर अवघडही आहे. म्हणूनच ती इथे उलगडून पाहू.

बोलणं चाललंय ते पहिल्या पायरीच्या उपचारांबद्दल: ताप, जुलाब, खोकला, बीपी, शुगर, लहान मुलांची दुखणी. यासाठी आपल्याकडे पर्याय बरेच असतात. खेड्यात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी. सपाट भागात साधारण ३०,००० लोकसंख्येमागे एक पीएचसी आणि ५,००० मागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २०,००० आणि ३,००० मागे, असा सरकारी निकष आहे. शहरात महापालिकेचे दवाखाने आणि ‘आपला दवाखाना’ या सरकारी योजनेतले दवाखाने. शिवाय गल्लीतले खासगी डॉक्टर. त्यांत एमबीबीएस, आयुर्वेदाचे बीएएमएस, होमिओपॅथीचे बीएचएमएस सगळे आले. त्याच्या वर एमडी फिजिशियन, त्याच्या खाली सरळ मेडिकलच्या काउंटरवर ‘ताप आहे, काहीतरी द्या’. आणि बऱ्याच ठिकाणी कुठलीच पदवी नसलेले पण सगळे ज्यांना डॉक्टरच म्हणतात असे लोक.

आधी पैशांचं बघू, कारण ते मोजायला सोपं वाटतं आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

आपण तुलना करतो ती फीची. हे १०० घेतात, ते ३०० घेतात, सरकारी फुकट. पण आजाराचा खर्च फीवर ठरत नाही. एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरलेत, तुमच्या गावचे घालून बघा. रोज ५०० रुपये मजुरी मिळवणाऱ्या माणसाला ताप आला. पहिल्या दवाखान्यात १५० रुपयांत तपासणी, एक सुई आणि पुडीत बांधलेल्या गोळ्या मिळाल्या. बरं वाटलं, पण औषधाचा असर ओसरल्यावर संध्याकाळी ताप पुन्हा चढला. दुसऱ्या दिवशी परत १५०. तिसऱ्या दिवशी ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावू’, त्याचे ५००, आणि वर मेडिकलचं ३५० चं बिल. झाले ११५०. दुसऱ्या दवाखान्यात फीच ३००. डॉक्टरांनी नीट तपासलं, ३० रुपयांची पॅरासिटामॉलची पट्टी लिहून दिली, कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं ते सांगितलं, ताप टिकला म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त तपासायला लावलं, त्याचे ३००. झाले ६३०. पीएचसीत तपासणी, मलेरियासाठी रक्त घेणं आणि गोळ्या यांचा एक पैसा पडला नाही. पण रिक्षाचे येऊन-जाऊन ६० आणि अर्ध्या दिवसाची मजुरी २५० बुडाली. दोन खेपा झाल्या म्हणजे ६२०.

म्हणजे दीडशेवाला सगळ्यात महाग पडला, आणि ‘फुकट’ व तीनशेवाला जवळपास सारखे. पहिल्या दोघांच्या हिशेबात मी बुडालेली मजुरी धरलेलीच नाही. रुग्णासोबत घरातलं आणखी कुणी गेलं तर त्याचाही दिवस जातो. उलट, पीएचसी गावातच असेल किंवा आपला दवाखाना संध्याकाळीही उघडा असेल तर सरकारी उपचारांचा खर्च झपकन शून्याजवळ येतो. आरोग्य केंद्र कुठे आहे आणि किती वाजता उघडं असतं ही बाब किरकोळ वाटते. पण कष्टकरी घरासाठी उपचारांची खरी किंमत तीच ठरवते.

विम्याचा इथे उपयोग होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड कामाला येतं ते रुग्णालयात भरती होऊन उपचार घ्यावे लागले तर. गल्लीतल्या डॉक्टरची फी, मेडिकलचं बिल, लॅबचे पैसे हे आपल्याच खिशातून जातात. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला असं सरकारी हिशेब सांगतात. घट मोठी आहे. तरीही घरोघरचा अनुभव असा की एखादं मोठं ऑपरेशन योजनेत बसून जातं, आणि महिन्याच्या महिन्याला बीपी-शुगरच्या गोळ्या घर पोखरत राहतात.

महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे पीएचसी, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, उपचार मोफत केले आहेत. केस पेपरचे पैसेही लागत नाहीत. ज्यांनी दहा वर्षांत सरकारी दवाखान्याचा उंबरठा ओलांडलेला नाही त्यांच्या हिशेबात हा बदल अजून आलेलाच नाही.

आता अवघड भाग: गुणवत्ता.

‘हाताला गुण आहे’ हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र. पण त्यात एक गोम आहे. पहिल्या पायरीवर येणारे बहुतेक आजार, म्हणजे सर्दी, विषाणूंचा ताप, साधे जुलाब, तीन ते सात दिवसांत आपोआप उतरतात. पहिल्या दिवशी एका डॉक्टरकडे गेलो, उतार नाही म्हणून चौथ्या दिवशी दुसऱ्याकडे, आणि पाचव्या दिवशी बरे झालो, की गुण दुसऱ्याच्या हाताला लागतो. पहिल्याने अगदी बरोबर उपचार केलेले असले तरी. म्हणून एकट्या-दुकट्याच्या बरं होण्यावरून डॉक्टर जोखता येत नाही.

मग शंभर रुग्णांची सरासरी काढली तर? तिथेही अडचण आहे. एका डॉक्टरकडे धडधाकट तरुण येतात, दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे सत्तरीतले, शुगर वीस वर्षं जुनी असलेले. दुसरीच्या रुग्णांची तब्येत वाईटच दिसणार, ती कितीही हुशार असली तरी. चांगल्या डॉक्टरकडे अवघड रुग्ण पाठवले जातात, त्यामुळे नुसते निकाल मोजले तर चांगलीच डॉक्टर मागे पडल्यासारखी दिसते.

यावर संशोधकांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो: सगळ्या वर्गांना एकच प्रश्नपत्रिका. स्थानिक माणसांना आठवडेच्या आठवडे शिकवून तयार करायचं. तोच आजार, तीच लक्षणं, तेच पहिलं वाक्य, आणि डॉक्टरने काय विचारलं तर काय उत्तर द्यायचं हे पाठ. मग या तयार केलेल्या रुग्णांना वेगवेगळ्या दवाखान्यांत पाठवायचं. रुग्ण सगळीकडे एकच, म्हणजे फरक दिसला तर तो डॉक्टरचाच. बाहेर आल्या आल्या सगळी नोंद होते: किती मिनिटं दिली, काय विचारलं, नाडी पाहिली का, बीपी घेतलं का, काय दिलं, किती घेतले.

अर्थशास्त्रज्ञ जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं काम मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत केलं. त्याचे निष्कर्ष २०१२ आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एका रुग्णाला छातीत दुखून गेलेलं, हृदयविकाराच्या झटक्याची पूर्वसूचना असावी असं. दुसऱ्याला दमा. तिसरा बाप, घरी असलेल्या बाळाला जुलाब होतात म्हणून आलेला. मध्य प्रदेशात डॉक्टरांनी सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास वेळ दिला. विचारायलाच हवेत अशा प्रश्नांतले बहुतेक प्रश्न विचारलेच गेले नाहीत. आणि ज्यांच्याकडे लोक जात होते त्यांतले सुमारे दोनतृतीयांश जण वैद्यकीय पदवी नसलेले होते.

त्या अभ्यासातला एक धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही सरकारी डॉक्टर दुपारनंतर स्वतःचा खासगी दवाखानाही चालवत होते. त्याच डॉक्टरकडे तोच रुग्ण दोन्ही ठिकाणी पाठवला गेला. ज्ञान तेच, हात तेच. पण खासगी दवाखान्यात त्यांनी जास्त वेळ दिला, जास्त विचारपूस केली आणि योग्य उपचार होण्याची शक्यताही तिथे जास्त निघाली. म्हणजे भिंतीवरची पदवी जेवढं सांगते त्याहून त्या जागेची शिस्त आणि डॉक्टरवरचा तगादा जास्त सांगतात. सरकारी दवाखाना म्हणजे डॉक्टर कमी हुशार, असं नसतं. तिथे त्या हुशारीचा हिशेब मागणारं कुणी नसतं. गावाने हिशेब मागितला, आरोग्य समितीने बैठका घेतल्या, तालुका वैद्यकीय अधिकाऱ्याने लक्ष घातलं की तीच पीएचसी वेगळी दिसते, हे महाराष्ट्रातही अनेकांनी पाहिलेलं आहे.

पण थांबा, खासगीची बाजू एवढ्यावर जिंकत नाही. फी जास्त असलेल्या ठिकाणी वेळ आणि विचारपूस काहीशी जास्त दिसली खरी. गरज नसलेली औषधं मात्र सरकारी-खासगी दोन्हीकडे सर्रास दिली जात होती, आणि ती दिली म्हणून एखाद्या खासगी डॉक्टरला कमी पैसे मिळाले असंही दिसलं नाही. आपण रुग्ण योग्य उपचारांचे पैसे देतो आणि त्यासोबतच्या अनावश्यक उपचारांचेही मुकाट देतो, कारण दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत.

पदवीचं काय मग? ती निरुपयोगी अजिबात नाही. २०१४-१५ मध्ये मुंबई आणि पाटण्यात अशाच तयार केलेल्या रुग्णांकडून टीबीची पाहणी झाली. २,६५२ भेटींपैकी सुमारे ३५ टक्के भेटींतच रुग्णाला योग्य दिशा मिळाली. म्हणजे थुंकीची तपासणी किंवा एक्स-रे सांगणं, नाहीतर योग्य जागी पाठवणं. यात एमबीबीएस आणि त्यापुढे शिकलेल्यांची कामगिरी इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, सोबत ताप, वजन घटणं, हे धारावीपासून गडचिरोलीपर्यंत कुणालाही माहीत असावं असं लक्षण. तरीही मुंबईसारख्या शहरात खोकल्याच्या औषधाची बाटली आणि अँटिबायोटिक देऊन रुग्णाला घरी पाठवलं जात होतं. त्याच पाहणीत ज्या रुग्णाच्या हातात टीबी दाखवणारा थुंकीचा रिपोर्ट होता त्याला बरेच चांगले उपचार मिळाले. रिपोर्टांची पिशवी सोबत नेणं हे आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं वेड समजलं जातं. तसं समजू नये.

तर तुलना पदवीवरून, फीवरून किंवा गर्दीवरून करायची नाही, तर ती करायची कशावरून? दवाखान्यात आपल्या डोळ्यांसमोर काय घडतं त्यावरून. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही. बारकाईने पाहावं लागतं.

उदाहरण म्हणून एक चिठ्ठी घेऊ. सर्दी, घसा, अंगदुखी, दोन दिवसांचा ताप. आपल्याकडे यावर हमखास लिहिली जाणारी चिठ्ठी अशी: अ‍ॅझिथ्रोमायसिन तीन दिवस, अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दोन वेळा, उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, खोकल्याचं सिरप, आणि एक मल्टिव्हिटॅमिन. पाच औषधं. एकेक बघू. बहुतेक सर्दी-ताप विषाणूंमुळे येतो, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. म्हणजे पहिलं औषध गेलं. दुसऱ्या गोळीतलं पॅरासिटामॉल कामाचं आहे. त्यातलं वेदनाशामक पोटात जळजळ करू शकतं, म्हणून तिसरी, पित्ताची गोळी आली. एका अनावश्यक औषधाने दुसरं ओढून आणलं. शिवाय ताप डेंग्यूचा निघाला तर या जातीच्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून पावसाळ्यात तर ते टाळायलाच हवं. सिरप काही आजार लवकर बरा करत नाही. मल्टिव्हिटॅमिनने तीन दिवसांत ताकद येत नाही. खाली काय उरलं? साधं पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विश्रांती. या यादीतली गरजेची गोष्ट सगळ्यात स्वस्त होती.

याचा अर्थ अँटिबायोटिक लिहिणारा प्रत्येक डॉक्टर चुकतो असा नाही. न्यूमोनिया, टायफॉइड, लघवीचा संसर्ग यांत ते जीव वाचवतं. फरक असा की चांगली डॉक्टर आधी तपासते, मग कशासाठी देतेय ते सांगते. ‘हे कशासाठी?’ या तीन सेकंदांच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं का, हे पाहा.

सलाईनचंही तसंच. खेड्यापाड्यांत सलाईन म्हणजे ताकद अशी ठाम समजूत आहे. अर्धा लिटरच्या साध्या सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं. ग्लुकोजच्या अर्धा लिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर. तोंडाने पाणी पिता येत असेल तर तेवढं मीठ-साखर घरच्या सरबतात जातं. सतत उलट्या होत असतील, पाणी पोटात ठरत नसेल, रुग्ण ग्लानीत असेल, तर सलाईन लागतंच आणि त्या वेळी उशीर करू नये. चालत आलेल्या, चहा पिऊन आलेल्या माणसाला ‘अशक्तपणा’ म्हणून लावलेलं सलाईन हा निव्वळ खर्च आहे, आणि वर सुईच्या जागेवर संसर्गाचा धोका.

पुडीतल्या सुट्या गोळ्यांबद्दल मी फार आग्रही आहे. नाव नसलेली गोळी म्हणजे पुरावा नसलेला उपचार. अंगावर पुरळ उठलं तर कशाने उठलं कळणार नाही. पुढच्या डॉक्टरला काय दिलं होतं ते कळणार नाही. ‘पटकन गुण’ देणाऱ्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड असतं, आणि ते महिनोन्‌महिने गेलं की शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. औषधाचं नाव लिहून देणं ही गुणवत्तेची किमान अट आहे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा. एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या आहेत. विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर क्रमांक शोधा. कुठलाच क्रमांक नसेल तर ती दवाखाना बदलण्याची वेळ आहे.

बीपी आणि शुगरमध्ये तुलना बरीच सोपी होते, कारण तिथे मोजायला आकडा असतो आणि आजार आपोआप बरा होत नाही. या बाबतीत देशात एक चांगला प्रयोग झाला: भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम. तो पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा त्यात होते. कल्पना साधी होती. सगळ्या आरोग्य केंद्रांत औषधांचा एकच ठरलेला क्रम, गोळ्यांचा साठा संपू द्यायचा नाही, गोळ्या महिनाभराच्या एकदम द्यायच्या, आणि प्रत्येक केंद्रात किती रुग्णांचं बीपी १४०/९० च्या आत आलं ते दर तिमाहीला मोजायचं. प्रत्येक केंद्राला स्वतःचा आकडा दिसतो. कोण येईनासं झालं तेही दिसतं, आणि आशाताई किंवा नर्स त्यांना बोलावून आणू शकतात. इथे भारी उपकरणं नाहीत, नामांकित डॉक्टर नाहीत. माणूस दर महिन्याला येतो का, गोळी मिळते का आणि बीपी मोजलं जातं का, या तीन गोष्टींवर अर्धांगवायू टळणं ठरतं. घराजवळचं उपकेंद्र यात शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला मागे टाकू शकतं, कारण तिथे जायला आळस होत नाही.

हाच हिशेब आपण घरी करू शकतो. वडिलांची शुगर ज्या डॉक्टरकडे आहे, तिथे गेल्या वर्षात काय काय झालं ते फाइल काढून पाहा. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, वर्षातून किमान दोनदा झाली का? लघवीतली प्रथिनं आणि क्रिएटिनिन तपासलं का, म्हणजे मूत्रपिंडांचा अंदाज येतो? डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायला सांगितला का? चपला काढायला लावून पायांचे तळवे पाहिले का? ही शेवटची तपासणी फुकट आहे, दोन मिनिटांची आहे आणि पाय कापावा लागण्यापासून वाचवू शकते. महागड्या क्लिनिकमध्ये गुळगुळीत कागदावर सत्तर चाचण्यांचा रिपोर्ट मिळतो, आणि पाय कुणी पाहिलेले नसतात. असं दिसलं तर क्लिनिक महाग आहे, चांगलं नाही.

मात्र मोजण्याचीही मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये २००४ पासून फॅमिली डॉक्टरांच्या मानधनाचा काही भाग अशा मोजमापांशी जोडला गेला, आणि प्रत्येक दवाखान्याचे आकडे लोकांना पाहता येतात. ज्या गोष्टी मोजल्या त्या सुरुवातीला सुधारल्या. ज्या मोजल्या नाहीत त्यांच्याकडे तेवढं लक्ष गेलं नाही, अशी टीकाही झाली. रुग्णाचं ऐकून घेणं, घरातली अडचण ओळखणं, वेळेवर ‘हे माझ्या आवाक्यातलं नाही, आत्ताच सिव्हिलला जा’ म्हणणं, हे तक्त्यात बसत नाही. आपल्याकडे खासगी दवाखान्यांचा असा तक्ताच नाही. सरकारी केंद्रांसाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकं आहेत, स्वच्छतेसाठी कायाकल्प पुरस्कार आहे. पीएचसीच्या भिंतीवर ती प्रमाणपत्रं लावलेली असतात. ती पाहावीत, पण त्यांच्यावर थांबू नये.

वेळेवर पुढे पाठवणं हे मी गुणवत्तेच्या यादीत फार वर ठेवते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला पित्ताची गोळी देऊन दोन दिवसांनी बोलावणारा आणि लगेच ईसीजी काढून गाडीत बसवून देणारा, या दोघांतला फरक फीच्या शंभर रुपयांनी मोजता येत नाही. मात्र पुढे पाठवणं आणि विशिष्ट लॅबला, विशिष्ट स्पेशालिस्टकडेच पाठवणं यात अंतर आहे. ‘कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये करा’ असं सांगणारा डॉक्टर आणि ‘तिकडचाच रिपोर्ट चालेल’ म्हणणारा डॉक्टर, यांत दुसऱ्याला कारण विचारावं. कधी कारण खरं असतं, त्या लॅबचं काम खरंच चांगलं असतं. कधी ते कारण म्हणजे ‘कट’, म्हणजे डॉक्टरला मिळणारं कमिशन असतं. तो वाटा आपल्याच बिलातून जातो.

नेहमीच्या औषधांवर पैसे वाचवायचे तर डॉक्टर बदलण्याआधी दुकान बदलून पाहा. चिठ्ठीतलं औषधाचं मूळ नाव घेऊन जनऔषधी केंद्रात गेलं तर बीपी-शुगरच्या बऱ्याच गोळ्या नामांकित ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. गोळी बदलल्यावर महिनाभराने बीपी आणि साखर मोजून घ्यावी, म्हणजे मनातली धाकधूक जाते आणि डॉक्टरांनाही खात्री पटते.

शेवटचा अभ्यास मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो आपल्याबद्दल आहे. मुलांच्या जुलाबावर ओआरएस आणि सोबत १४ दिवस झिंक हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय बहुतेक डॉक्टरांना माहीत असतो. तरी लिहून मात्र दुसरंच काही दिलं जातं. का? कर्नाटक आणि बिहारमधल्या २,००० हून जास्त खासगी दवाखान्यांत तयार केलेले रुग्ण पाठवून याचा शोध घेतला गेला. निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ओआरएसचा साठा नसणं किंवा दुसऱ्या औषधात जास्त पैसे सुटणं ही कारणं होती, पण छोटी. सगळ्यात मोठं कारण डॉक्टरांची समजूत: लोकांना ओआरएस नको असतं, त्यांना ‘खरं औषध’ हवं असतं. आणि रुग्णाने स्वतःहून ओआरएसचा उल्लेख केला तेव्हा ते लिहून मिळण्याचं प्रमाण दर शंभर भेटींमागे २७ ने वाढलं.

केबिनमध्ये शिरताना आपण जे बोलतो त्याने चिठ्ठी बदलते. ‘डॉक्टर, लवकर बरं वाटेल असं काहीतरी द्या, उद्या कामावर जायचंय’ म्हटलं की सुई येते, आणि तिच्यासोबत चार गोळ्या येतात. त्याऐवजी बोलायला चार वाक्यं लागतात. बाळाला जुलाब होत असतील तर ‘ओआरएस देऊ का, आणि झिंक किती दिवस?’ ताप असेल तर ‘सुई नसली तरी चालेल, घरी कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवू?’ चिठ्ठी हातात आल्यावर ‘यातलं कुठलं नक्की लागेल आणि कुठलं नाही घेतलं तरी चालेल?’ आणि निघताना ‘परत कधी येऊ, आणि मध्येच कशासाठी यावं लागेल?’ या प्रश्नांवर डॉक्टर खुर्चीत मागे टेकून नीट सांगायला लागली, तर नवीन शेजाऱ्याने विचारल्यावर तिचं नाव सांगा, आणि का ते पण सांगा.